मरजूकच्या पोटातले कावळे

आखातातल्या मुहर्रकच्या जुन्या बंदरामागे मरजूक ज्या गल्लीत राहतो ती इतकी अरुंद आहे, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून वाट द्यायची. समोरून मरजूक येत असला की एवढ्याने भागत नसे. जवळच्या कुणाच्या तरी दारात शिरावं लागे, आणि दारात शिरलं की चहा आलाच. एकटा मरजूक घराबाहेर पडला की अर्ध्या गल्लीचा चहा होई. लोक त्याला नावं ठेवत ती मायेने, आणि तोही ती पोटावर ऐसपैस झेलत असे. 'बू गानिम', म्हणजे गानिमचा बाप, ही त्याची रीतसर हाक. पण त्याचा शेजारी बू खलफान, जो बोटीवरून निवृत्त झाल्यापासून फक्त जीभ चालवतो, तो त्याला 'धक्क्याला लागलेलं गलबत' म्हणायचा.

मरजूकचा धंदा गरगूर विणायचा. गरगूर म्हणजे तारेचा घुमट, मासे धरायचा. समुद्राच्या तळाशी सोडून द्यायचा. नरसाळ्यासारख्या तोंडातून मासा मजेत आत येतो, आणि बाहेर कसं पडायचं ते त्याला आयुष्यभर, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत, कळत नाही. मोठा गरगूर विणायचा तर शेवटी विणकराला आत बसावं लागतं, आतून तारेची टोकं वळवायला. तरुणपणी मरजूक त्या घुमटात मांडी घालून बसे आणि आभाळ षटकोनी तुकड्यांमध्ये बघत गाणी म्हणे. पुढे पोटाने आत यायला नकार दिला. तेव्हापासून तो लहान गरगूर विणू लागला आणि मोठ्या मागण्या दुसऱ्यांकडे जाऊ लागल्या.

पोटाने थट्टा झेलली, गुडघ्यांनी मात्र ती मनावर घेतली. आधी कुरकुरले, मग रुसले, मग बोलायचेच बंद झाले. मशिदीत मागच्या भिंतीला लागून दुमडत्या खुर्च्यांची एक रांग असते, गुडघे गेलेल्यांची. मरजूक त्या रांगेत जाऊन बसला. बाकीचे सगळे सजद्यात कपाळ जमिनीला टेकवत, आणि हा खुर्चीतून मान जराशी झुकवी, लग्नात लांबच्या पाहुण्याला ओळख द्यावी तशी. याची त्याला लाज वाटे. बायकोला, लूलवाला, तो एकदाच बोलला होता.

"मला सगळ्यांच्या पाठी दिसतात गं. देवासमोर मी एकटाच ताठ."

लूलवाने दुसऱ्या दिवशी त्याला पुढे घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बुथैना गल्लीतच लहानाची मोठी झालेली. मरजूकने विणलेल्या लहानशा गरगुरात तिने एके काळी मांजराची पिल्लं ठेवली होती.

"हाजी, साखर वाढलीय, दाब वाढलाय, गुडघ्यांचं तर विचारूच नका," ती म्हणाली. "एक इंजेक्शन आहे. आठवड्यातून एकदा, पोटावर, आपलं आपण टोचायचं."

"पोटावर ना? मग जागेची अडचण नाही."

"हसू नका, नीट ऐका. ते भूक कमी करतं. वजन उतरेल, साखर ताब्यात येईल, हृदयावरचा ताण हलका होईल. पण मळमळेल, पोट साफ होणार नाही. कुणाकुणाला पित्ताचे खडे होतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात जोराची कळ आली तर लिंबू-पाणी करत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं. चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, म्हणून हातपाय चालते ठेवायचे. आणि औषध सोडलं, तर बहुतेकांचं वजन परत येतं."

मरजूकने दाढी खाजवली. "म्हणजे आत शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड. पोरी, हा धंदा तर माझाच आहे."

संध्याकाळी बू खलफानच्या मजलिशीत या इंजेक्शनचा खटला उभा राहिला. तिथे बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते घेतलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या मेव्हण्यांनी. एकाचा मेव्हणा बारीक होऊन दुसरं लग्न करायला निघाला होता, एकाचा इतका ओकला होता की त्याने सुई समुद्रात फेकली होती.

"देवाने फुकट भूक दिली," बू खलफान म्हणाला, "आणि हे गलबत ती सुईने टोचून बाहेर काढणार. अरे, भूक गेल्यावर तुझ्यात राहतं काय? रिकामी गोदी!"

मरजूकने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा लूलवा भांडी विसळत होती. तिने मान वळवली नाही. "बू खलफानला म्हणावं, त्याची बायको रोज सकाळी मला विचारते, काल रात्री तुझ्या घरातून कसला आवाज येत होता? मी सांगते, माझा नवरा घोरत होता. मधेच आवाज थांबतो ना, ते मात्र सांगत नाही. मी उठून बसते, परत सुरू होईपर्यंत. मला विधवा व्हायची घाई नाही, बू गानिम. टोच सुई."

मरजूकने सुई टोचली.

हिवाळा आला तसा मरजूक ओसरू लागला. ओहोटीच्या वेळी समुद्र लाज न बाळगता मागे मागे जातो आणि तळाची वाळू उघडी पडते, तशी त्याची हनुवटी उघडी पडली, मग मनगटं, मग गळ्याजवळची दोन हाडं, जी लूलवाने लग्नानंतर पाहिलीच नव्हती. मळमळ यायची, तो लिंबाचं पान चुरगळून हुंगत बसे. पण पांढरा झगा त्याच्याभोवती शिडासारखा फुगू लागला. वारा सुटला की तो चालतोय की वाऱ्याने चाललाय हे कळत नसे. शिंपी म्हणाला, नवा झगा शिवू. मरजूक म्हणाला, थांब. गेलेली माणसं परत येतात, तसं पोटही येईल. आलं तर बसणार कुठे?

गल्लीतले चहा बंद झाले. भिंतीला पाठ लावली तरी भागू लागलं.

एका दुपारी, असरच्या नमाजाला, तो सवयीने खुर्चीकडे गेला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. गुडघ्यांना विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. तो पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. वाकायची वेळ आली तेव्हा तो पाण्यात उतरावं तसा उतरला, आधी हात, मग गुडघे, मग कपाळ. गालिच्याला जुन्या लोकरीचा, उन्हाचा आणि पायांचा वास येत होता. जगात यापेक्षा चांगला वास नाही, असं त्याला वाटलं. सगळे उठले तरी तो तिथेच. शेजारच्या माणसाने घाबरून हलकेच कोपर लावलं, तेव्हा त्याने डोळे पुसत डोकं वर उचललं.

त्याच आठवड्यात तो मोठ्या गरगुरात शिरला. मांडी घातली. आभाळाचे तुकडे होते तिथेच होते.

एवढं सगळं मिळालं. गेलं ते मात्र चाहूल न देता गेलं. मरजूकच्या पोटात आयुष्यभर कावळे ओरडत आले होते. पहाटे ओरडत, जेवून उठल्यावर ओरडत, दुसऱ्याच्या घरी कांदा परतला तरी ओरडत. ते एक दिवस उडून गेले. पोटात अशी शांतता पसरली, की कधी कधी तो कान देऊन ऐके. ताटातला भात त्याला काचेपलीकडच्या गावासारखा दिसे. गाव सुंदर होतं, आपण तिथे राहिलोही होतो, पण आता तिथे आपलं कुणी नाही. लूलवाने पापलेट तळलं तर तो तिला बरं वाटावं म्हणून दोन घास खाई. आधी ती खूश झाली, मग गप्प झाली, मग तिने तळणंच कमी केलं.

आणि रमजान आला.

रमजानमध्ये गल्लीत मरजूकचं हरीस असतं. गहू आणि मटण सकाळपासून मंद आचेवर, मग लाकडी घोटण्याने तासन्‌तास घोटायचं, गहू कुठला आणि मटण कुठलं हे त्यांचं त्यांनाही कळू नये इतकं. सूर्य मावळायच्या आधी ते थाळ्यांमधून घराघरांत जातं, आणि थाळी रिकामी परत येत नाही. तिच्यात त्या घरचं काहीतरी येतं. मरजूकच्या हरीसचं नाव होतं ते मिठासाठी. रोजा असला तरी शिजवणाऱ्याला जिभेच्या टोकावर चाखून थुंकायची मुभा असते. मरजूकने ती कधी घेतली नाही. दुपारी उशिरा पोटात कावळ्यांचा गिल्ला सुरू झाला, की पातेल्यावरच्या वाफेनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटे आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जाई. वाफ थांब म्हणाली की हात थांबे.

यंदा पाणी सुटलं नाही. हात बरणीकडे गेला नाही, आणि तो गेला नाही हे मरजूकच्या ध्यानातही आलं नाही. तो वाफेत घोटत उभा होता. वाफेतून त्याला धुक्यातली बोट दिसत होती आणि तिच्यावरून कुणीतरी हात हलवत होतं.

लूलवा बुरख्याखाली थाळ्या झाकून घरोघर देऊन आली. थाळ्या परतल्या. बू खलफानच्या घरून दरवर्षी कुरकुरीत समोसे येत. यंदा काकडीच्या फोडी आल्या. कोपऱ्यावरच्या घरून पाकातले गोळे येत. यंदा पातळ ताक आलं. तिसऱ्या घरून उकडलेला भोपळा, नुसता उकडलेला.

"कुणाच्या घरी दुखणं आलंय का?" मरजूकने विचारलं.

"सगळ्यांच्याच घरी कसं येईल?" लूलवा म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भोपळ्याबरोबर उकडलेलं अंडं आलं, अर्धं, पिवळा बलक काढून टाकलेलं. मग एका सकाळी बू खलफान मरजूकच्या अंगणात येऊन तारेच्या भेंडोळ्यावर बसला.

"बू गानिम, तुझ्या तब्येतीबद्दल गल्लीला आनंद आहे. अगदी मनापासून. पण माझी सासू म्हातारी आहे. तिला किती दिवस शिक्षा?"

"कसली शिक्षा?"

"ती बाहीत मिठाची पुडी लपवून जेवायला बसते रे! तुझ्यासमोर बोलायची तर सोय नाही. मरजूकने पथ्य धरलंय, बारीक झालाय, सजदा करतोय, आता गल्लीलाही मार्गाला लावतोय, असं सगळे म्हणतात. मग आम्हीही तुझ्या पथ्याला शोभेल असं थाळीत घालतो. माझ्या बायकोने समोसे तळायचे बंद केले. तुझ्यापायी! मला सांग, माझं पोट काय गलबत आहे?"

मरजूकचा हात तारेवरच राहिला. "हरीसमध्ये मीठ नाही?"

"मीठ? आठवणही नाही मिठाची."

मरजूक घरात गेला. "लूलवा, मी तर दोन घास नुसते गिळतो, पण तू रोज खातेस. मला सांगितलं का नाहीस?"

लूलवाला आधी हसू आलं, मग ते विरलं. "इतकी वर्षं मी तुझ्या मागे लागले होते, दाब वाढतोय, मीठ कमी कर. मला वाटलं, शेवटी माझं ऐकलंस. वाईट लागत होतं, पण मी आनंदाने गिळत होते."

मिठाचं कुणी फार मनावर घेतलं नाही. गल्ली दोन दिवस हसली आणि लूलवा चाखून मीठ घालू लागली. मरजूकला मात्र दुसरंच काहीतरी बोचू लागलं. सूर्यास्ताला सगळे खजुराकडे बघत बसत. चेहरे ओढलेले, डोळे मोठे झालेले, आणि अजान झाली की त्या पहिल्या खजुराने साऱ्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागे. मरजूकही खजूर तोंडात टाकी. ते खजूर असे, एवढंच. जे हवंच नव्हतं ते दिवसभर न खाण्यात आपण सोडलं काय? खुर्चीत बसून मान झुकवायचो, तसा हा खुर्चीतला रोजा तर नाही? गुडघे मिळाले ते भूक देऊन. सौदा बरा की वाईट, हे त्याला ठरवता येईना, आणि पुढची सुई टोचायचा दिवस जवळ येत होता.

सांगायचं कुणाला? मशिदीतल्या इमामाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बाबा, रोजा तो रोजा, मनातल्या शंका काढून टाक. डॉक्टरला सांगितलं असतं तर ती ओरडली असती, कारण आपण रोजे धरतोय हे मरजूकने तिला कळवलंच नव्हतं. म्हणून त्याने आपल्या डोक्याने उपाय काढला. भूक येत नाही, तर आपणच तिच्याकडे जावं. त्याने पहाटेची सहरी सोडली. लूलवा झोपेतून उठून ताट वाढे. तो म्हणे खाल्लं, आणि ताट मांजरांना देई. पाणीही दोन घोटच. साखर उतरवायच्या, सुईच्या आधीपासूनच्या गोळ्या मात्र इमानाने घेई.

तिसऱ्या दुपारी तो मोठ्या गरगुरात बसून शेवटची टोकं वळवत होता. वारा शांत होता. झग्याचा जुना घोळ चहूकडे पसरला होता आणि तारेचे षटकोन त्याच्यावर सावलीचं जाळं टाकत होते. हळूहळू ते जाळं हलू लागलं. अंगणात पाणी भरलंय असं मरजूकला वाटलं, हिरवं, कोमट. खाटेवरून एक हामूर मासा पोहत आला, थेट बू खलफानसारख्या तोंडाचा. त्याने नरसाळ्यातून आत डोकं घातलं आणि विचारलं, "तू इथे कसा?" "सोपं होतं," मरजूक म्हणाला. "आत यायला फार सोपं होतं." मग त्याला घाम सुटला, बोटं थरथरू लागली, आणि तो आडवा झाला.

लूलवाची किंकाळी ऐकून बू खलफान धावत आला. दोघांनी घुमट उचलायला घेतला, तर घुमटाबरोबर मरजूकही उचलला जाऊ लागला. गुंगीत त्याने स्वतःचा झगा तारेत विणून टाकला होता, कडेकडेने, अगदी सफाईने.

"कात्री आण! तार तोडतो," बू खलफान ओरडला.

आतून बारीक आवाज आला, "तार तोडू नको. मागणी आहे. झगा काप."

"हा मरतानाही गिऱ्हाइकाचं बघणार!"

झगा कापून त्याला बाहेर ओढला. लूलवाने साखरेचं पाणी त्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड फिरवलं. "रोजा..."

"रोजा पुढे फेडता येतो," लूलवा म्हणाली आणि त्याचं नाक धरलं. "नवरा परत आणता येत नाही."

तो प्यायला. त्याचं सगळं अंग त्या गोड पाण्याकडे वळलं. मग खजूर. मग दुसरा, मागून घेतलेला.

दवाखान्यात डॉक्टर बुथैनाने आधी ओरडायचं काम पूर्ण केलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"इंजेक्शन, उपाशी पोट, पाणी नाही, आणि वर ती साखरेची गोळी. चौघांनी मिळून तुम्हाला पाडलं. गोळी बंद. आणि काही दिवस रोजे नाहीत, हे डॉक्टर म्हणून सांगतेय."

"मग सुई?"

"तुम्हाला काय हवंय, हाजी?"

मरजूकने लूलवाकडे बघितलं. इतकी माणसं त्याला सल्ला देऊन गेली होती, हे कुणी विचारलं नव्हतं. लूलवा बुरख्याचं टोक पिळत बसली होती. घोरणं मधेच थांबलं की उठून बसणारी. हल्ली ती रात्रभर झोपते, हे त्याला माहीत होतं.

"पोरी, मला जमिनीला कपाळ टेकायचंय. पण टेकवताना पोटात काहीतरी ओरडत असावं. सगळे कावळे नकोत. ते फार झाले होते. एखादा चालेल."

"डोस खालच्या पायरीवर आणता येईल," ती सावकाश म्हणाली. "भूक थोडी परतेल. वजनही थोडं चढेल, आणि गुडघे त्यावर काय म्हणतील ते मी आज सांगू शकत नाही. पायांचा व्यायाम रोज करावा लागेल. कदाचित खुर्ची परत येईल. चालेल?"

"खुर्ची दुमडून बाजूला ठेवीन," मरजूक म्हणाला. "पण दिसेल अशी."

लूलवाने डॉक्टरकडे बघितलं. "रात्री हा श्वास घेणार ना?"

"त्यावर लक्ष ठेवायचं. आवाज परत थांबायला लागला तर दोघंही या, आणि आपण परत बसू."

लूलवाने मान डोलावली. तिचं पूर्ण समाधान झालं नव्हतं. पण झगा फाटला होता, आणि घरी जाताना तिने शिंप्याकडे माप द्यायला लावलं. जुनं नाही, आत्ताचंही नाही, मधलं.

रमजान संपत आला तेव्हा डॉक्टरांनी शेवटच्या रोज्यांना हो म्हटलं, पहाटे पोटभर आणि रात्रभर पाणी या अटीवर. लूलवा आता ताटासमोर बसून राही, आणि अंगणातली मांजरं उपाशी राहू लागली. गुडघे थोडे कुरकुरत, पण वाकत. एका दुपारी मरजूक पातेल्यासमोर घोटत उभा होता. वाफ वर आली. आणि लांब कुठेतरी, बंदरापलीकडे असावा इतका लांब, एक कावळा ओरडला. मरजूक थांबला. कान दिला. तो परत ओरडला, जरा जवळून. तोंडाला पाणी सुटलं, थोडंसं, लाजत लाजत. आणि हात उठून बरणीकडे गेला.

"मी घातलंय मीठ," लूलवा आतून म्हणाली.

"चिमूटभर कमी आहे," मरजूक म्हणाला.

ती दारात आली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "दाबाचं काय?"

"चिमूट आहे गं. ओंजळ नाही."

त्या संध्याकाळी थाळ्या गेल्या. अजान व्हायच्या जरा आधी बू खलफान स्वतः थाळी परत घेऊन आला, वर फडकं झाकलेलं, आणि फडक्याला तेलाचे डाग. आत कुरकुरीत समोसे होते, त्याच्या तोंडासारखे टोकदार.

"सासूने पाठवलेत," तो म्हणाला. "म्हातारीने आज बाही झटकली. पुडी मांजराने नेली म्हणते."

अजान झाली. मरजूकने खजूर खाल्ला, पाणी प्यायला, आणि मग एक समोसा उचलून बराच वेळ हातात धरला. तो गरम होता. त्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा लूलवापुढे धरला.

"पुरे?" तिने विचारलं.

त्याने पोटावर हात ठेवला आणि ऐकलं.

"आज पुरे," तो म्हणाला, आणि नमाजाला उठला. मशिदीत त्याची खुर्ची भिंतीशी दुमडलेली होती. तिच्याकडे एकदा बघून तो पुढच्या रांगेत गेला.